हमी कोणी कोणाला द्यायची? इंग्लंडच्या गव्हाची दोनशे वर्षं

आज आपल्याला इंग्लंडला जायचं आहे. निघण्याआधी एक शब्द बरोबर घेऊ: 'हमी'. शेतीच्या गप्पांत हा शब्द निघाला की आपल्या तोंडी पुढचा शब्द आपोआप येतो, हमीभाव. म्हणजे सरकारनं शेतकऱ्याला दिलेलं वचन, की बाजार कितीही पडला तरी या भावानं तुझा माल घेतला जाईल. हे वचन किती पाळलं जातं हा वेगळा प्रश्न आहे. पण हमी देणारं सरकार आणि घेणारा शेतकरी, याबद्दल आपल्या मनात शंका नसते. तुम्ही विदर्भात असा, इंदूरला असा, बडोद्याला असा नाहीतर हैदराबादला.

आता इंग्लंडमधल्या गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्याला 'अशुअरन्स', म्हणजे हमी, हा शब्द ऐकवा. बहुतेक वेळा त्याच्या कपाळाला आठ्या पडतील. कारण आज तिथे हमी शेतकरी घेत नाही, तो देतो. ठरल्या वेळी एक तपासनीस त्याच्या शेतावर येतो. गोदामात पक्षी-उंदीर शिरायला जागा नाही ना, धान्याच्या वरच्या दिव्यांना आवरण आहे ना, फवारणीच्या नोंदी लिहिल्यात ना, फवारणी यंत्राची चाचणी झाली आहे ना, हे सगळं बघतो. यासाठीची वर्गणी शेतकरीच भरतो. सगळं ठीक असेल तर त्याला स्टिकर मिळतात. धान्याच्या प्रत्येक ट्रकबरोबर एक कागद जातो, त्याला तिथे 'पासपोर्ट' म्हणतात. त्यावर तो स्टिकर नसेल तर बहुतेक गिरण्या माल उतरवून घेत नाहीत.

आणि भावाची हमी? ती नाही. म्हणजे आपल्याकडे हमी सरकारकडून शेतकऱ्याकडे येते असं आपण धरतो, आणि तिथे ती शेतकऱ्याकडून गिऱ्हाईकाकडे जाते. एकेकाळी तिथेही ती आपल्यासारखीच होती. मग ती उलटी कशी झाली? आजचा भाग त्याबद्दल आहे.

ऐंशी शिलिंगांची भिंत

सुरुवात १८१५ पासून करू. नेपोलियनशी लढाई चालू असताना इंग्लंडमध्ये बाहेरचं धान्य येणं अवघड झालं होतं आणि गव्हाचे भाव चढले होते. जमीनदारांचा खंड वाढला, पडीक जमिनी नांगराखाली आल्या. युद्ध संपणार आणि बाहेरचा गहू येऊन भाव कोसळणार, ही भीती जमीनदारांना होती. संसदेत तेच बसलेले होते. त्यांनी कायदा केला: देशातल्या गव्हाचा भाव क्वार्टरला ८० शिलिंगांपर्यंत चढल्याशिवाय परदेशी गहू विकायला येऊ द्यायचा नाही. क्वार्टर हे तिकडचं माप, गव्हाचा एक क्वार्टर म्हणजे साधारण २१८ किलो.

हे इतिहासातले प्रसिद्ध 'कॉर्न लॉज'. इथे 'कॉर्न' म्हणजे मका नव्हे, सगळं धान्य. शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून देशाच्या वेशीवर बांधलेली ही भिंत होती. तिचा खर्च सरकारच्या तिजोरीतून होत नव्हता. तो पाव विकत घेणारा मजूर भरत होता. कायदा होत असतानाच लंडनमध्ये दंगली झाल्या, त्या उगाच नाहीत.

१८४६ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी ही भिंत पाडली. आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक रोगानं गेलं होतं, माणसं उपाशी मरत होती, आणि गिरण्यांच्या शहरांना स्वस्त पाव हवा होता. पील यांचा स्वतःचा पक्ष यावरून फुटला. गंमत म्हणजे शेतकऱ्यांचं लगेच काही बिघडलं नाही. पुढची पंचवीस-तीस वर्षं भाव बरे राहिले, कारण एवढ्या लांबून स्वस्तात धान्य आणायची सोयच नव्हती.

ती सोय १८७० नंतर झाली. अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात रेल्वे पोचली, वाफेच्या जहाजांचं भाडं उतरलं. १८७७ च्या सुमारास क्वार्टरला ५६ शिलिंगांच्या आसपास असलेला गहू १८९४ मध्ये २३ शिलिंगांच्याही खाली गेला. इंग्लंडच्या पूर्व भागात शेतं पडीक राहू लागली. खंडकरी शेती सोडून गेले, मजूर शहरात किंवा बोटीनं परदेशात गेले. इंग्लंडच्या बाजारात गव्हाला आता ना भिंत होती, ना हमी.

नर्मदेकाठचा गहू आणि लंडनची चाळणी

त्या स्वस्त गव्हात एक वाटा आपलाही होता. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला. १८७० मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे जबलपूरपर्यंत जोडली गेली. १८७३ मध्ये ब्रिटिश सरकारनं हिंदुस्थानातून जाणाऱ्या गव्हावरची निर्यात जकात काढून टाकली. झालं, होशंगाबाद-जबलपूरच्या पट्ट्यातला गहू मुंबई बंदरात आणि पंजाबचा गहू कराचीत येऊन पडू लागला. तिथून रॅली ब्रदर्ससारख्या युरोपीय पेढ्या तो लंडन-लिव्हरपूलला पाठवत. मध्य प्रदेशात बसून हे ऐकणाऱ्या मंडळींच्या पणजोबांच्या खळ्यावरचा गहू लंडनच्या बेकरीत गेला असेल, यात नवल नाही.

पण या गव्हाची एक तक्रार कायम होती. त्यात माती फार. खडे, काड्या, हरभरा, जव, काय वाटेल ते. इंग्रज गिरणीवाले वैतागले होते. १८८९ मध्ये लंडनच्या इंडिया ऑफिसात या विषयावर खास बैठक भरली. हिंदुस्थानी शेतकरी गबाळा आहे, मातीच्या खळ्यावर बैल फिरवून मळणी करतो, म्हणून गहू घाण येतो, असं पुष्कळांचं मत होतं.

ते अर्धसत्य होतं. खळ्यावरची थोडी माती गव्हात येणारच. पण बाकीची माती येत होती लंडनच्या करारामुळे. तिथल्या धान्य व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या करारात हिंदुस्थानी गव्हात साधारण ५ टक्के कचरा धरलेलाच असे. त्याहून जास्त निघाला तर पैसे कापले जात. पण कमी निघाला तर? विकणाऱ्याला त्याचा तेवढा मोबदला मिळत नसे. आता तुम्हीच व्यापारी आहात असं समजा. तुमच्याकडे शंभर पोती स्वच्छ गहू आहे. पाच पोत्यांएवढी माती मिसळली तरी तोच भाव मिळणार आहे. तुम्ही काय कराल? साहजिकच मधल्या व्यापारात माती मिसळली जाऊ लागली. ज्या शेतकऱ्यानं गहू चाळून, पाखडून आणला त्याला अडत्याकडून एक पैसाही जास्त मिळत नव्हता, मग त्यानं तरी का चाळावं?

हे दुखणं सरकारी अधिकाऱ्यांना आणि गिरणीवाल्यांना पुष्कळ आधी कळलं होतं, पण व्यापाऱ्यांना जुना करार सोयीचा होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अखेर करार बदलले, मातीची सूट काढून टाकली गेली, आणि गहू स्वच्छ येऊ लागला. शेतकरी तोच, बैल तेच, खळंही तेच. बदलला होता तो करारातला हिशेब.

ही गोष्ट लक्षात ठेवा, आपल्याला शेवटी ती परत लागणार आहे. आणि आणखी एक शब्द लक्षात ठेवा: 'एफएक्यू', फेअर ॲव्हरेज क्वालिटी, म्हणजे बऱ्यापैकी सरासरी दर्जा. त्या काळात लंडनचे व्यापारी हंगामात आलेल्या मालाचे नमुने एकत्र करून एक प्रमाण नमुना ठेवत आणि भांडण झालं की त्याच्याशी ताडून बघत. आज आपल्याकडच्या सरकारी खरेदी केंद्रावर 'माल एफएक्यू नाही' म्हणून जेव्हा पोतं परत येतं, तेव्हा शब्द तोच असतो.

दिलेला शब्द, मोडलेला शब्द

१९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि तीन वर्षांत जर्मन पाणबुड्यांनी धान्याची जहाजं बुडवायला सुरुवात केली. ज्या देशानं चाळीस वर्षं आपली शेती पडीक पडू दिली, त्याला एकाएकी आपल्या शेतकऱ्याची आठवण झाली. १९१७ मध्ये 'कॉर्न प्रॉडक्शन ॲक्ट' आला. गहू आणि ओट यांना किमान भावाची हमी, आणि शेतमजुराला किमान मजुरी. इंग्लंडच्या इतिहासात सरकारनं स्वतःच्या खिशातून भावाची हमी घेण्याची ही पहिली वेळ. शेतकऱ्यांनी गवताची कुरणं मोडून नांगर घातला.

युद्ध संपलं. १९२० मध्ये नवा कायदा करून सरकारनं हमी चालू ठेवली, आणि ती काढायची झाली तर चार वर्षं आधी कळवू असंही कबूल केलं. कायद्याची शाई वाळते न वाळते तोच जगभर गव्हाचे भाव कोसळले. हमी पाळायची तर तिजोरीतून मोठी रक्कम जाणार होती. १९२१ च्या उन्हाळ्यात सरकारनं कायदाच रद्द केला. चार वर्षांच्या मुदतीचं कलमही त्याच्याबरोबर गेलं. दोन वर्षांत गव्हाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. मजुरांची किमान मजुरीही गेली.

इंग्लंडच्या खेड्यांमध्ये या घटनेला 'मोठा विश्वासघात' असं नाव पडलं. पुढच्या दोन पिढ्या शेतकरी आणि सरकार यांच्यात कुठलीही बोलणी झाली की १९२१ चा विषय निघे. हमीभावाची किंमत भाव चढलेले असताना कळत नाही. भाव पडतात तेव्हाच ती हमी खरी की खोटी हे कळतं, आणि नेमकी त्याच वेळी ती देणाऱ्याला जड होते.

१९३२ मध्ये पुन्हा एक कायदा आला. गव्हाला हंड्रेडवेटमागे, म्हणजे सुमारे ५१ किलोंमागे, १० शिलिंगांचा प्रमाण भाव धरला आणि बाजारभाव त्याहून कमी पडला तर फरक शेतकऱ्याला द्यायचा. पैसा तिजोरीतून नव्हे, पिठावर बसवलेल्या पट्टीतून. आपल्याकडे 'भावांतर' म्हणून जी योजना मध्य प्रदेशात आली, तिची ही आजी म्हणायला हरकत नाही. मात्र फरक मिळायचा तो दळण्यायोग्य गव्हालाच, आणि तसा दाखला घ्यावा लागे. म्हणजे भावाच्या हमीबरोबर दर्जाची अट तेव्हाही होती. पण आधी भाव आणि मग अट, असा तो क्रम होता.

१९४७: दोन्ही बाजूंची हमी

१९४७ म्हटलं की आपल्याला आपलं स्वातंत्र्य आठवतं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये शेतीचा सर्वांत महत्त्वाचा कायदा झाला. दुसरं महायुद्ध जिंकूनही देश भुकेला होता. युद्धाच्या काळात जे करावं लागलं नव्हतं ते शांततेत करावं लागलं: जुलै १९४६ मध्ये पावावर रेशन आलं. मजूर पक्षाचे शेतीमंत्री टॉम विल्यम्स यांनी 'ॲग्रिकल्चर ॲक्ट' आणला. त्याच्या पहिल्या भागाच्या मथळ्याचा अर्थ होतो 'हमीचे भाव आणि खात्रीची बाजारपेठ'. मूळ इंग्रजीत 'खात्रीची' या जागी शब्द आहे 'अशुअर्ड'. हाच शब्द पन्नास वर्षांनी परत भेटेल, तेव्हा त्याचा अर्थ उलटा झालेला असेल.

दरवर्षी सरकार आणि शेतकरी संघटना समोरासमोर बसून गहू, बार्ली, ओट, बटाटा, दूध, अंडी यांचे भाव ठरवू लागल्या. शेतकऱ्याला पेरणीच्या आधी अंदाज येऊ लागला. त्यानं कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला, निचऱ्याचे चर काढले.

पण हा एकतर्फी व्यवहार नव्हता. त्याच कायद्यात 'नीट शेती करण्याची' जबाबदारी शेतकऱ्यावर होती. जो करणार नाही त्याला देखरेखीखाली ठेवायचं, आणि तरी सुधारला नाही तर जमिनीवरून काढायचं, इतका अधिकार सरकारकडे होता. काही जणांच्या जमिनी खरंच गेल्या. ही कलमं १९५८ मध्ये काढली गेली. तरी मुद्दा राहतोच: समाजानं शेतकऱ्याला भावाची हमी दिली, आणि बदल्यात शेतकऱ्यानं समाजाला नीट शेतीची हमी दिली. दोन्ही हमी एकाच कागदावर होत्या. हमीच्या या सगळ्या इतिहासात मला हा टप्पा सगळ्यांत सरळ वाटतो.

शब्दाचा अर्थ उलटतो

१९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय समुदायात गेला. तिथली पद्धत वेगळी होती. बाहेरच्या धान्यावर चढा कर, आणि आतलं धान्य ठरलेल्या भावाखाली जाऊ लागलं की सरकारी गोदामात खरेदी. पीक वाढत गेलं, गोदामं भरत गेली. १९८० च्या दशकात वर्तमानपत्रांत 'धान्याचे डोंगर' असे मथळे येऊ लागले. १९९२ मध्ये युरोपच्या शेती आयुक्त रे मॅकशॅरी यांच्या सुधारणांनी धान्याचा आधारभाव तीन वर्षांत तीस टक्क्यांच्या आसपास उतरवला, आणि त्याऐवजी पेरलेल्या क्षेत्रावर रक्कम देणं सुरू केलं. पुढे तीही पिकापासून तोडली. भावाची हमी अशी हळूहळू विरत गेली.

याच वर्षांत दुसऱ्या बाजूनं वेगळंच काही घडत होतं. डिसेंबर १९८८ मध्ये एडविना करी या मंत्रिणबाईंनी अंड्यांतल्या साल्मोनेला जंतूंबद्दल विधान केलं. अंड्यांचा खप एकाएकी पडला, बाईंना राजीनामा द्यावा लागला. १९९० मध्ये अन्नसुरक्षेचा कायदा आला. त्यात एक तरतूद होती: विक्रेत्यानं आपल्या परीनं पुरेशी काळजी घेतली होती असं सिद्ध केलं तर त्याचा बचाव होऊ शकेल. मोठ्या सुपरमार्केटांनी लगेच ओळखलं की आता पुरावा लागणार. आणि पुरावा कोणाकडे मागायचा? आपल्याला माल पुरवणाऱ्याकडे. त्यानं त्याच्या पुरवठादाराकडे. साखळीच्या अगदी टोकाला उभा होता शेतकरी. त्याला पुढे कोणाकडे मागायची सोय नव्हती.

मग २० मार्च १९९६. आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांनी संसदेत सांगितलं की गाईंना होणारा बीएसई नावाचा मेंदूचा रोग माणसांत आला असण्याची शक्यता आहे. या रोगाचं मूळ गुरांच्या खाद्यात होतं: मेलेल्या जनावरांच्या मांसाची, हाडांची भुकटी गवत खाणाऱ्या गाईंना चारली जात होती. पुढच्या वर्षांत ब्रिटनमध्ये माणसांतल्या या रोगानं पावणेदोनशेहून जास्त बळी घेतले, त्यांत तरुण पुष्कळ. त्यामुळे लोकांनी 'आमच्या ताटात काय येतं ते दाखवा' असं म्हटलं तर त्यात काही चूक नव्हती.

गव्हाच्या शेतकऱ्याचा यात दोष नव्हता. पण ब्रिटनमधल्या गव्हाचा मोठा भाग पशुखाद्यात जातो. खाद्याच्या प्रत्येक घटकाचा माग हवा, तर गव्हाचाही हवा. १९९० च्या दशकाच्या शेवटी धान्य पिकांसाठी हमी योजना उभी राहिली. तिच्या नावातच 'अशुअर्ड' हा शब्द होता. स्कॉटलंडची योजना वेगळी होती, आजही आहे. आणि २००० मध्ये दूध, मांस, भाजी, धान्य सगळ्यांना मिळून एक खूण आली: लाल ट्रॅक्टर.

१९४७ मध्ये 'अशुअर्ड' होती ती शेतकऱ्याची बाजारपेठ. आता 'अशुअर्ड' झालं त्याचं पीक. शब्द तोच राहिला आणि हमी देणारा बदलला.

तिकीट काढून आत जायचं

लाल ट्रॅक्टर हा काही सरकारी कायदा नाही. शेतकरी संघटनेनं पुढाकार घेतला, प्रक्रिया उद्योग आणि विक्रेते त्यात आले. नावाला तो ऐच्छिक आहे. सुरुवातीला शेतकऱ्यांची अपेक्षा अशी होती, की स्टिकर असलेल्या मालाला चार पैसे जास्त मिळतील. पण जवळजवळ सगळेच स्टिकर लावू लागल्यावर जास्तीचा भाव कोण देणार? मग स्टिकर नसलेल्यालाच कमी भाव, किंवा दारातच नकार. बक्षीस म्हणून आलेली गोष्ट प्रवेशाचं तिकीट होऊन बसली.

दुसरी तक्रार आणखी बोचरी आहे. पावाच्या पिठात मिसळायला ब्रिटनच्या गिरण्या कॅनडा, जर्मनीचा कडक गहू आणतात. तो बंदरात नमुने काढून, प्रयोगशाळेत तपासून घेतला जातो. तो कोणत्या शेतावर पिकला, तिथल्या गोदामाच्या दिव्याला आवरण होतं का, हे कोणी विचारत नाही. इंग्रज शेतकरी म्हणतो: माझाही गहू तसाच तपासून घ्या ना. माझ्या शेजारच्या गावचा गहू स्टिकर नाही म्हणून परत जातो आणि समुद्रापलीकडचा नमुन्यावर पास होतो, हा कुठला न्याय? गिरणीवाल्यांकडेही उत्तर आहे: एका जहाजात हजारो टन एकसारखा माल येतो, त्याचे नमुने काढणं परवडतं. शेताशेतावरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकची तशी तपासणी करायला वेळ आणि पैसा कुठून आणायचा? ही अडचणही खरी आहे. पण तिचा खर्च कोणी सोसायचा हे परस्पर ठरून गेलं.

भाव वर असतात तेव्हा या कुरबुरी दबून राहतात. मे २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलेलं होतं. १३ मे रोजी भारतानं गव्हाची निर्यात बंद केली. त्याच दिवसांत लंडनच्या वायदेबाजारात गहू टनाला ३५० पौंडांच्या आसपास पोचला होता. दोन वर्षांत तो २०० च्या खाली आला. २०२४ चं पीक अतिपावसानं मोठं घटलं, तरी भाव चढला नाही, कारण तो ठरतो जगाच्या बाजारात. युरोपातून बाहेर पडल्यावर इंग्लंडमध्ये क्षेत्रावर मिळणारं जुनं अनुदानही टप्प्याटप्प्यानं बंद होत आहे.

अशा वेळी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, लाल ट्रॅक्टरच्या संस्थेनं पर्यावरणाच्या जास्तीच्या अटींचा नवा भाग जाहीर केला. शेतकरी भडकले. विक्रेत्यांनी मागायचं आणि पैसे द्यायचे आम्ही, हे किती दिवस चालणार, असा सूर होता. तो भाग संस्थेला मागे घ्यावा लागला. शेतकरी संघटनांनी सगळ्या हमी योजनांचा स्वतंत्र आढावा मागवला. २०२५ च्या सुरुवातीला त्याचा अहवाल आला. तपासण्या कमी आणि सुटसुटीत करा, आणि नियम ठरवताना शेतकऱ्याला बरोबर घ्या, अशी त्याची दिशा आहे.

आपल्या खळ्यावर परत

आता आपल्याकडे येऊ. १९६४ मध्ये एल. के. झा समितीनं धान्याच्या भावांचा विचार केला. जानेवारी १९६५ मध्ये कृषिमूल्य आयोग आणि अन्न महामंडळ स्थापन झालं. आयोगाचे पहिले अध्यक्ष होते मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवलेले एम. एल. दांतवाला. अमेरिकेच्या गव्हाची जहाजं मोजत दिवस काढणाऱ्या देशानं शेतकऱ्याला भावाची हमी दिली. १९४७ च्या इंग्लंडची आणि १९६५ च्या भारताची गरज एकच होती: धान्य हवं होतं.

ती हमी आजही कागदावर आहे. पण २०१५ मध्ये शांताकुमार समितीनं दाखवलं की सरकारी खरेदीत हमीभावानं माल विकू शकणारे शेतकरी सहा टक्क्यांच्या आसपासच आहेत. बाकीच्यांना काय आडवं येतं? कुठे खरेदी केंद्रच नसतं, कुठे उशिरा सुरू होतं, आणि पुष्कळदा आडवा येतो दर्जा. २०२४ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये आणि ओलाव्याची अट होती १२ टक्के. बाजारात भाव हमीभावाच्या बराच खाली होता. नोव्हेंबरच्या मध्यात, आरडाओरड झाल्यावर, अट १५ टक्क्यांपर्यंत सैल झाली. तोवर ज्याला दिवाळीसाठी पैसे हवे होते त्यानं माल विकून टाकला होता.

आणि उलट्या दिशेची हमीही आपल्याकडे येऊन पोचली आहे. नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदाराला ती नवी नाही. २००३ मध्ये युरोपात कीटकनाशकांच्या अंशावरून आपल्या द्राक्षांवर संकट आलं, २००६ पासून प्रत्येक निर्यात बागेची नोंद ठेवणारी 'ग्रेपनेट' पद्धत सुरू झाली. बागायतदारानं नोंदवह्या लिहिल्या, नमुने तपासून घेतले. कुरकुर झाली, पण पद्धत टिकली. कारण युरोपात जाणाऱ्या पेटीला स्थानिक बाजाराहून बरा भाव मिळण्याची आशा होती. धान्याच्या शेतकऱ्याकडे उद्या अशीच नोंदवही मागितली जाईल. तांदळातला कीटकनाशकाचा अंश, भुईमूग-मक्यातलं बुरशीचं विष, हे प्रश्न खरे आहेत आणि खाणाऱ्याला ते विचारायचा हक्क आहे.

तेव्हा आपण काय विचारायचं? लंडनच्या मातीच्या गव्हाची गोष्ट मी लक्षात ठेवायला सांगितली होती. शेतकरी गबाळा म्हणून गहू घाण येत नव्हता. स्वच्छ गव्हाचा भाव कराराच्या कुठल्याच रकान्यात लिहिलेला नव्हता, म्हणून येत होता. उद्या तुमच्या गावात कोणी कंपनी, संस्था किंवा सरकारी अधिकारी हमीपत्राचा कागद घेऊन आला, तर त्याला हाकलून देऊ नका. कागद नीट वाचा. तुम्ही काय काय द्यायचं ते रकाने त्यात नक्की असतील. बदल्यात तुम्हाला किती आणि कधी मिळणार, तो रकाना आहे का बघा. नसेल तर सही करण्याआधी तो लिहून मागा. १९४७ चा इंग्रज शेतकरी ते मागू शकला, कारण देश भुकेला होता. १९९६ नंतरच्या शेतकऱ्याला ते जमलं नाही, आणि आज तो तेच मागत बसला आहे.